निकालाच्या दिवशीचे जेवण

परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांच्या पेन्सिलींना टोक काढून ठेवणारे पालक घरोघरी असतात. आमच्या घरात तो मान माझा होता. मुलगी तेव्हा चौथीत होती आणि शिष्यवृत्तीची परीक्षा म्हणजे आम्हा नोकरदारांची पंढरीच! पहाटे उठवून मी तिच्याकडून सराव प्रश्नसंच सोडवून घेत असे. चुकलेल्या उत्तरावर लाल फुली आणि शेजारी ठरलेला शेरा, 'निष्काळजीपणा'. निकाल लागला. गुणवत्ता यादीत तिचे नाव नव्हते. मी रागावलो नाही. फक्त त्या रात्री जेवताना बोललो नाही.

तो अबोला ती विसरलेली नाही, हे मला नातू पाचवीत गेल्यावर कळले. "बाबा, त्याचा अभ्यास घ्या, पण निकालाच्या दिवशी त्याच्याशी बोला," एवढेच ती म्हणाली.

मधल्या काळात चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीला गेली आणि ती पुन्हा चौथीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. शिवाय शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यावर राज्याने पाचवीअखेर वार्षिक परीक्षा आणली. तीत नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची एक संधी. तीही हुकली तर वर्ग तोच. दहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर दप्तराइतकेच हेही ओझे.

नातवाच्या शिष्यवृत्तीला दोन पेपर होते. प्रत्येकी ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद! अशा घाईत मूल चुकते ते बहुधा अज्ञानाने नव्हे. 'विरुद्धार्थी नसलेली जोडी ओळखा' या प्रश्नात नातवाने पहिल्याच विरुद्धार्थी जोडीवर खूण केली होती. 'नसलेली' हा शब्द त्याने वाचलाच नव्हता. 'एका दोरीचे पाच समान तुकडे करायला ती किती ठिकाणी कापावी लागेल?' याचे उत्तर त्याने पाच लिहिले. माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. मग मुलीचे वाक्य आठवले आणि विचारले, "कसं काढलंस, सांग बघू." तो म्हणाला, "आजोबा, दोरीची टोकं बांधलेली असली तर पाचच!" आम्ही सुतळी आणि कात्री घेऊन बसलो. त्याचेही खरे होते आणि पुस्तकातले चारही खरे होते. प्रश्नात सरळ दोरीच धरायची असते, हे तो त्या दिवशी शिकला. आणि मुलीच्या वहीतल्या किती फुल्यांमागे असा विचार दडला असेल, हे मला उमगले.

माझे मत आता पक्के झाले आहे. पाल्याला मदत करायची तर दहा प्रश्नसंच आणण्यापेक्षा एकच संच घ्यावा आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापाशी थांबून 'कसे?' एवढे विचारावे. प्रश्न मोठ्याने वाचायला लावावा. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. संध्याकाळचा खेळ आणि रात्रीची झोप यांना हात लावू नये. क्लासचा खर्च झेपला नाही म्हणून खंत करणाऱ्या पालकांना तर मी आवर्जून सांगेन, की शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाला फी द्यावी लागत नाही.

नातवाचा निकाल लागला. तो कसा लागला, हे इथे महत्त्वाचे नाही. त्या रात्री आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो आणि सर्वांत जास्त मीच बोललो. मुलगी वाढता वाढता माझ्याकडे पाहून हसली. मला माझा निकाल मिळाला.