दृश्यबीज आणि विद्यार्थ्यांचा लघुपट

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना ३ मे १९१३ हा दिवस आणि गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहाचे नाव न चुकता घेतले जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ तेथे प्रेक्षकांसमोर आला. परंतु त्याच्या आदल्या वर्षी धुंडिराज गोविंद फाळके यांनी केलेल्या एका लहानशा कामाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या गमतीदार आख्यायिकेसारखा उरकला जातो. १ एप्रिल १९१२ रोजी लंडनहून परतल्यावर चर्नी रोडवरील जागा अपुरी पडते म्हणून फाळके कुटुंबासह दादरला मथुरा भवनात राहावयास आले. मागविलेला कॅमेरा मे महिन्यात आला. मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि भांडवल पुरविणाऱ्यांना या नव्या विद्येची खात्री पटवावयाची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ ते थोडे थोडे चित्रण करीत राहिले. एका मिनिटाहून किंचित अधिक लांबीच्या त्या चित्रफितीत बी रुजले, अंकुर वर आला, त्याची वेल झाली. ‘अंकुराची वाढ’ पाहून काही मंडळींनी कर्ज देऊ केले.

या घटनेचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. या चित्रफितीत पात्र नाही, संवाद नाही, उपदेश नाही. तरीही आरंभ आहे, शेवट आहे आणि या दोहोंमध्ये डोळ्यांना दिसणारा बदल आहे. बदल घडविणारा काळ एरवी माणसाच्या नजरेला सापडत नाही. कॅमेऱ्याने तो सापडवून दिला. म्हणजेच ही गोष्ट अन्य कोणत्याही माध्यमात इतक्या थेटपणे सांगता आली नसती. कथाकल्पनेच्या या मूळ घटकाला ‘दृश्यबीज’ म्हणता येईल. एखादी वस्तू किंवा जागा आणि तिच्या बाबतीत पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडणारा एक बदल, एवढेच त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्यांच्या पाच-दहा मिनिटांच्या लघुपटाला यापेक्षा अधिक लागत नाही. आणि यापेक्षा कमी असून भागत नाही.

आज दादर, परळ, गिरगाव या परिसरांतील महाविद्यालयांत लघुपट करणे ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने खर्चाचा प्रश्न जवळजवळ संपविला आहे. फाळक्यांना चित्रफितीचा फूट न् फूट जपून वापरावा लागत होता. आजचा विद्यार्थी दिवसभर चित्रण करू शकतो. परंतु साधनांच्या या विपुलतेबरोबर कथाकल्पनांची विपुलता आलेली नाही. बहुतेक लघुपटांचा जन्म एखाद्या विषयाच्या मथळ्यातून होतो. व्यसनमुक्ती, पर्यावरण, वृद्धांचा एकाकीपणा असा विषय आधी ठरतो, मग त्याला साजेशी पात्रे बेतली जातात, आणि शेवटी एक पात्र संदेश उच्चारते. विषयात खोट नसते. खोट असते ती क्रमात. जे पाहिलेले नाही ते आधी ठरते आणि मग त्यासाठी दृश्ये जमविली जातात.

या क्रमामागे एक सांस्कृतिक कारणही आहे. मुंबईतील मराठी विद्यार्थी लघुपटाकडे वळतो तो बहुधा एकांकिकेच्या तालमीतून. आय.एन.टी., ‘सवाई’ यांसारख्या स्पर्धांनी या शहरातील तरुणांना अभिनयाची, सांघिक शिस्तीची आणि नेमक्या वेळेत आशय मांडण्याची जी शिकवण दिली, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र रंगमंचावर जागा एकच असते आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही समजावे लागते. म्हणून तेथे शब्द दृश्याचा भार उचलतो. लघुपटात कॅमेरा पात्राच्या बोटांपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी शब्दाने तोच भार पुन्हा उचलला, तर दोनांपैकी एक निरुपयोगी ठरतो आणि बहुधा ते दृश्यच असते. संवाद ऐकून संपूर्ण लघुपट समजत असेल, तर त्याची ध्वनिफीत पुरेशी होती असे म्हणावे लागेल.

दुसरा धोका याच्या नेमका उलट, म्हणजे दृश्यांच्या श्रीमंतीचा आहे. लालबाग-परळमध्ये कॅमेरा कोठेही रोखला तरी काहीतरी भव्य सापडते: गिरणीचे उरलेसुरले धुराडे, त्यामागचा काचेचा मनोरा, विसर्जनाची मिरवणूक, कारखान्यांतील अपुऱ्या मूर्ती. परिणामी अशी दृश्ये लघुपटांत सढळ हाताने येतात आणि एकामागोमाग येऊनही कथा म्हणून काहीच करीत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या इतिहासाची खूण म्हणून धुराडे पडद्यावर येते, पाठीमागे खिन्न सूर लागतो आणि प्रेक्षकाने गलबलून जावे अशी अपेक्षा केली जाते. परंतु खूण म्हणजे अनुभव नव्हे. या गिरणगावाचे दुःख नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये यांनी शब्दांत पकडले. जयंत पवार यांनी १९९७ च्या ‘अधांतर’मध्ये ते एका कामगार कुटुंबाच्या घरात आणून उभे केले. त्यांच्या नंतरच्या पिढीने त्याच दुःखाची छायाचित्रे काढणे ही आदरांजली होईल, पण निर्मिती होणार नाही. संपाच्या वेळी जन्मलेलाही नसलेल्या विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले आहे, हा प्रश्न तेथे टाळला जातो.

हा प्रश्न टाळला नाही तर काय घडू शकते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीतील कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. ‘पुनर्विकास आणि तुटणारी माणुसकी’ असा विषय घेतला की लगेच भाषण सुरू होते. त्याऐवजी केवळ दाराकडे पाहावे. चाळीत सामाईक पॅसेजमध्ये उघडणारे दार दिवसभर सताड असते. फार तर पडदा असतो. पडदा सरतो, शेजारची वाटी आत येते, मूल पडद्याखालून रांगत जाते. नव्या इमारतीत दार आपल्या वजनाने हळूहळू मिटते. आजी ते उघडते, ते मिटते. ती खुर्ची लावते. सून संध्याकाळी येऊन खुर्ची जागेवर ठेवते. शेवटी सामानात बांधून आणलेला, मिक्सरमुळे कामातून गेलेला वरवंटा ती दाराच्या फटीत ठेवते. दार अर्धे उघडे राहते. समोरचे दार बंदच आहे.

येथे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये मांडलेल्या लयतत्त्वाचा उपयोग होऊ शकतो. संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार केवळ कवितेच्या अभ्यासापुरते ठेवण्याचे कारण नाही. पडदा सरणे, वाटी येणे, मूल रांगणे या दृश्यांत संवाद आहे. उघडे दार आणि मिटणारे दार यांत विरोध आहे. वरवंट्याने अडविलेले, ना उघडे ना बंद असे दार हा समतोल आहे. दृश्यांचा क्रम लावणे म्हणजे घटनांची यादी करणे नसून हे नाते जुळविणे होय, हे विद्यार्थ्याला या मार्गाने सहज समजावे. वरवंट्याची निवडही अशीच पाहण्यासारखी आहे. वीट चालली असती. पण विटेला भूतकाळ नाही. जड असल्यामुळे वरवंटा दार अडवितो ही झाली वस्तुस्थिती. त्याचे काम संपलेले असूनही म्हातारीला तो टाकवला नाही, हा झाला आशय. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात सामावल्या आहेत आणि त्या कोणी सांगावयास नकोत.

आता याच ठिकाणी आजीच्या तोंडी, ‘तिकडं आपलं दार कधी लागायचंच नाही रे,’ असे एक वाक्य घालून पाहावे. वाक्य खोटे नाही. चाळीत राहिलेली कोणतीही म्हातारी ते आपल्या मुलाला म्हणेल. परंतु ते उच्चारले जाताच वरवंटा पुरावा बनतो, आणि प्रेक्षकाने स्वतः जोडावयाचा दुवा आयता त्याच्या हाती दिला जातो. याचा अर्थ लघुपट मुका असावा असा नाही. आजीने सुनेला ‘गॅस बंद केलास का गं?’ एवढेच विचारले तरी चालेल. तेव्हा दाराविषयी ती बोलत नाही हेच ऐकू येईल.

ही अपेक्षा विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु विद्यार्थिदशेतील मराठी लघुपटांनी ती पूर्ण केलेली आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी ‘गिरणी’ केला. त्यात आईने चरितार्थासाठी लहानशा घरात आणलेले दळणाचे यंत्र आहे आणि त्या यंत्राशेजारी राहावे लागणारा मुलगा आहे. घराची टंचाई, आईची निकड, मुलाची घुसमट हे सारे एका वस्तूभोवती आणि तिच्या आवाजाभोवती गोळा होते. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरमध्ये संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ केला आणि ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणातील दिग्दर्शनासाठी त्याचा गौरव झाला. शाळेची ओढ असलेल्या मुलाची ती गोष्ट दिग्दर्शकाच्या जवळच्या जगातून आली होती. मंजुळे कवीही आहेत ही बाब मराठी विभागांनी विशेष ध्यानात घ्यावी. नेमकी प्रतिमा शोधणे आणि ती सापडल्यावर थांबणे, ही सवय कवितेने लागते आणि चित्रपटात उपयोगी पडते.

याच कारणाने लघुपटाचे शिक्षण केवळ माध्यम-विभागांवर सोपवून मराठी विभागांनी बाजूला राहणे योग्य होणार नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने घटनांच्या जंत्रीपेक्षा एका क्षणाच्या ताणावर विश्वास ठेवावयास शिकविले. तो पाठ लघुपटाला दीर्घ चित्रपटाच्या व्याकरणापेक्षा अधिक जवळचा आहे. चित्रपटाचा गंभीर विचार मराठीत नाही, असेही नाही. अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक आहे, १९६८ पासून मुंबईत काम करणारे प्रभात चित्र मंडळ आहे. अभाव आहे तो या विचाराला वर्गातील प्रत्यक्ष कामाशी जोडण्याचा.

हे जोडणे अवघड नाही. संहिता मागण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून निरीक्षणवही मागावी. आपल्या वाडीत, चाळीत, इमारतीत, गाडीच्या डब्यात पाहिलेल्या दहा गोष्टी त्याने लिहाव्यात. त्यांत ‘उदास’, ‘एकाकी’, ‘भीषण’ असे एकही विशेषण नसावे. त्या दहांतून जिच्यात बदल घडताना दिसतो अशी एक निवडावी. गणेशमूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या वृद्ध कारागिराने ब्रश उचलण्यापूर्वी मनगट दुसऱ्या हाताने धरले, एवढी नोंद विसर्जनाच्या शंभर दृश्यांपेक्षा मोलाची आहे. त्यानंतर संवादाविना दृश्यक्रम लिहावा आणि सर्वांत शेवटी, अडल्याशिवाय राहत नाही तेथेच, संवाद घालावा. मूल्यमापनातही ‘संदेश’ या रकान्याऐवजी एकच प्रश्न असावा: आरंभी जे होते त्यात शेवटी काय बदलले, आणि तो बदल डोळ्यांना दिसला काय?

हा आग्रह केवळ कलाशिस्तीसाठी नाही. या परिसरातील घरे, पॅसेज, दारे आणि त्यांच्याभोवती घडलेल्या सवयी पाहता पाहता नाहीशा होत आहेत. त्या पाहू शकणारी शेवटची पिढी आज महाविद्यालयात आहे आणि तिच्या खिशात कॅमेरा आहे. उसन्या विषयांवरचे लघुपट करीत ती पुढे निघून गेली, तर गिरणगावाचे धुराडे तेवढे चित्रित होऊन राहील. त्याच्या सावलीत माणसे दार कसे उघडत होती, हे कोणालाच दाखविता येणार नाही. फाळक्यांनी चित्रणासाठी निवडलेले वाटाणे कोणत्याही वाण्याकडे मिळत होते. ते महिनाभर पाहत बसण्याची तयारी मात्र कोणाला विकत आणता येत नव्हती. विद्यार्थ्याला शिकवावयाचे असेल तर आधी ती शिकवावी लागेल.