तपशिलावाचून ताळेबंद

कारखान्याच्या प्रयोगशाळेतील सांडपाण्याची नोंदवही उघडली असता तारीख, पी.एच., सी.ओ.डी. (रासायनिक प्राणवायू-मागणी) आणि शेवटी जबाबदार रसायनज्ञाची सही एवढाच मजकूर बहुतेक ठिकाणी आढळतो, आणि सी.ओ.डी.चा आकडा विहित मर्यादेच्या आत बसला, म्हणजे त्या दिवसापुरते आपले कर्तव्य पार पडले, अशी आपणा व्यावसायिकांची समजूत होऊन बसते. ही समजूत रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, आणि बीदर-कलबुर्गीच्या भूमीत तर ती विशेषच महाग पडणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुनिमाने वर्षाअखेरीस नुसती बेरीज मालकापुढे ठेवावी आणि येणे कोणाकडून, देणे कोणाला, याचा तपशील दप्तरातच राहू द्यावा, त्यातलाच हा प्रकार आहे. हिशेबाने पाहता एक ग्रॅम मेथॅनॉलच्या पूर्ण ज्वलनास १.५ ग्रॅम, एथॅनॉलच्या २.०९, फिनॉलच्या २.३८ आणि एम.टी.बी.ई. या ईथरच्या २.७२ ग्रॅम प्राणवायू लागतो. बेरजेच्या दृष्टीने ही सारी द्रव्ये एकाच माळेचे मणी. परंतु जमिनीत आणि पाण्यात उतरल्यावर अल्कोहोल, फिनॉल व ईथर या तीन कुळांची चालचलणूक किती भिन्न होते, याचा त्या आकड्यास पत्ताही नसतो.

अल्कोहोलचा हायड्रॉक्सिल गट आपसांत आणि पाण्याशीही हायड्रोजन-बंध जोडतो. एथॅनॉल ७८ अंशांना उकळते, तर त्याच रेणुसूत्राचे डायमेथिल ईथर उणे २५ अंशांनाच वायुरूप होते, हा सारा त्या बंधाचाच प्रताप. पाण्याशी असलेल्या या स्नेहामुळे मेथॅनॉल व एथॅनॉल पाण्यात वाटेल त्या प्रमाणात मिसळतात, जीवाणू त्यांचा लवकर फडशा पाडतात, आणि तसे करताना ओढ्यातील विरघळलेला प्राणवायू संपवून मासळीचा जीव घेतात. फिनॉलमध्ये तोच गट बेंझीनच्या वलयाला जोडलेला असल्याने ऑक्सिजनवरील विद्युत्‌भार वलयात ओढला जातो व प्रोटॉन सैल होतो. परिणामी फिनॉल एथॅनॉलपेक्षा सुमारे दहा लाख पट आम्लधर्मी ठरते. त्याची मात्रा वाढली की त्याला खाणारे जीवाणूच मरू लागतात, आणि नळाच्या पाण्यात टाकलेल्या क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरोफिनॉलची जी दुर्गंधी निर्माण होते, ती अत्यल्प प्रमाणातही जिभेला व नाकाला चुकत नाही. ईथरपाशी तर देण्यासारखा प्रोटॉनच नाही; त्याचा कार्बन-ऑक्सिजन-कार्बन हा दुवा तोडणे जीवाणूंना सहजसाध्य नसल्याने ते वाटेत न खर्ची पडता भूजलाबरोबर दूरवर प्रवास करते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या एम.टी.बी.ई.मुळे १९९६ साली अमेरिकेतील सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या, हा दाखला आपल्या व्यवसायाने विसरता कामा नये.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. भालकी, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या तालुक्यांत ऊस आहे, आणि ऊस आला की मळी व मळीपासून मद्यार्क हा क्रम ठरलेलाच. इकडे बीदरनजीकच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत, आणि त्या धंद्यात मेथॅनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, टेट्राहायड्रोफ्युरान यांवाचून पान हलत नाही. बीदरचे हे पठार जांभ्याचे आहे. पाऊस या सच्छिद्र जांभ्यातून मुरतो आणि खालच्या काळ्या कातळाशी अडून आडवा वाहू लागतो; नेमके हेच जाणून बहमनी काळातील जलवेत्त्यांनी नौबादचा करेझ हा भुयारी जलमार्ग खोदला, आणि गुरुनानक झिऱ्याचे किंवा नरसिंह झरणीचे पाणी आजही याच भूरचनेची साक्ष देते. कलबुर्गीच्या आग्नेयेस शेडम-चित्तापूरकडे चुनखडीच्या भेगांतून पाणी असेच धावते. ज्या वाटेने गोडे पाणी झऱ्याला येते, त्याच वाटेने त्यात विरघळलेले द्रव्यही येणार, हे सांगण्यास फार मोठी विद्वत्ता नको.

सरकारी मानकांचा अर्थही या प्रकाशात वाचला पाहिजे. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यास सी.ओ.डी.ची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, फिनॉलवर्गाची १ मिलिग्रॅम आहे, आणि पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गाची स्वीकार्य मर्यादा अवघी ०.००१ मिलिग्रॅम आहे. लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम फिनॉल असले तरी त्याची सी.ओ.डी. २३८ च भरेल. म्हणजे केवळ बेरीज पाहणारा अंमलदार त्या पाण्यास बिनदिक्कत परवानगी देईल, वस्तुतः ते फिनॉलच्या मर्यादेच्या शंभरपट दूषित असेल.

तपशील काढणेही नुसते यांत्रिक काम नाही. नमुना आम्ल करून त्याचे ऊर्ध्वपातन करावे, पातिताचा पी.एच. दहाच्या आसपास आणावा, त्यात ४-अमिनोअँटिपायरिन व पोटॅशियम फेरिसायनाइड घालावे. फिनॉल असल्यास नळीत लाल रंग चढतो. परंतु त्याच नळीत पॅरा-क्रेसॉल घातले तर रंग चढत नाही, कारण अभिक्रियेला लागणारी पॅरा-स्थानाची जागा मेथिल गटाने अगोदरच अडवलेली असते. तेव्हा ‘फिनॉल नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी आपल्या कारखान्यात कोणते फिनॉल येते, हे पद्धत निवडणाऱ्या रसायनज्ञाला ठाऊक असलेच पाहिजे.

यावर खर्चाची सबब पुढे येते, आणि एक भीतीही, की तपशीलवार नोंद ठेवली तर तीच उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल. खर्चाविषयी इतकेच म्हणता येईल की औषधाच्या अंतिम मालात मेथॅनॉल दशलक्षांशी ३००० भागांच्या आत आणि टेट्राहायड्रोफ्युरान ७२० भागांच्या आत आहे की नाही, हे दाखविण्यासाठी त्या कारखान्यांत गॅस क्रोमॅटोग्राफ सज्ज असतो. त्याच यंत्राला गटारातील नमुना दाखविण्यास नवी इमारत लागत नाही. भीतीविषयी म्हणावयाचे तर, खरेदीतून पुनःप्राप्ती वजा करून उरणाऱ्या द्रावकास ‘घट’ हे एकच नाव देण्याची वहिवाट अधिक घातक आहे, कारण तंटा उभा राहिल्यास त्या एका शब्दाच्या समर्थनार्थ आपल्यापाशी काहीच निघत नाही.

म्हणून आमची व्यावसायिक बंधुभगिनींना विनंती आहे की नव्या महिन्याच्या नोंदवहीत सी.ओ.डी.च्या शेजारी अल्कोहोल, फिनॉल आणि ईथर असे तीन रकाने आखावेत, आणि ‘घट’ ही हवेत किती, पाण्यात किती, गाळात किती, अशी फोडून लिहावी. प्रारंभी काही रकाने रिकामे राहतील. रिकामा रकाना निदान कोणती परीक्षा राहून गेली आहे ते व्यवस्थापनाला दाखवितो. आज आपण ज्या बेरजेवर सही करतो, ती एवढेही दाखवीत नाही.