एका छिद्राचे अर्थशास्त्र

मध्यमवर्गीय घरातील कपाटाच्या वरच्या फळीवर अलीकडे एक नवी वस्तू हमखास आढळते. तिची मूठ पिस्तुलासारखी असते, मुठीखाली बॅटरी असते आणि सोबतच्या प्लास्टिकच्या पेटीत वीस-पंचवीस लहानमोठी बिटे ओळीने मांडलेली असतात. तसबीर टांगावी, पडद्याचा दांडा बसवावा, पुस्तकांसाठी एखादी फळी लावावी, अशा हेतूंनी घेतलेले हे बॅटरीवरचे ड्रिल वर्षातील बहुतेक दिवस त्या फळीवर स्वस्थ पडून असते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही ते आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ते ४,२०० रुपयांना घेतले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हिशेब मांडण्याची खोड असते. म्हणून आजवर त्याने पाडलेली छिद्रे मोजून पाहिली, ती २१ भरली. म्हणजे दर छिद्रामागे २०० रुपये पडले. तेवढ्या पैशांत आमच्या भागातील वायरमन एका फेरीत चार छिद्रे पाडून गेला असता.

मग यंत्र घेतले कशासाठी? याचे उत्तर हौस एवढेच नाही. एका छिद्रासाठी वायरमन येत नाही. आज येतो म्हणून उद्या येतो आणि उद्या येतो म्हणून पुढच्या आठवड्यातही येत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण एका छिद्रासाठी जिने चढणे त्याला परवडत नाही. रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली दाखवून दिले, की बाजारात एखादी गोष्ट मिळविताना तिच्या किमतीव्यतिरिक्त शोधाशोध, बोलणी आणि खोळंबा यांचाही खर्च येतो. छिद्र स्वस्त असते, पण ते पाडून घेण्याचा व्यवहार महाग पडतो. या व्यवहारखर्चाला कंटाळूनच आपण यंत्राचे मालक होतो.

विपणनशास्त्राचे हार्वर्डमधील प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी एक विचार प्रचलित केला होता, की ग्राहकाला ड्रिल नको असते, त्याला हवे असते ते भिंतीतले छिद्र. कारखानदाराने गिऱ्हाइकाची खरी गरज ओळखावी, हा त्याचा रोख. पण तोच प्रश्न गिऱ्हाइकाने स्वतःला विचारला, तर निष्कर्ष निराळा निघतो. छिद्रच हवे असेल, तर प्रत्येक घरात एक यंत्र कशाला?

ड्रिल ही साखर-चहासारखी उपभोग्य वस्तू नाही. ते भांडवली साधन आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन कारखान्यात १८९५ साली हातात धरण्याजोगे विजेचे ड्रिल तयार झाले, तेव्हापासून १९६१ साली ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवरचे ड्रिल बाजारात आणीपर्यंत आणि त्यानंतरही, त्याचा खरा उपयोग ते सतत चालते ठेवणाऱ्या कारागिराच्या हाती झाला. भांडवली साधन जितके अधिक वापरावे, तितका प्रत्येक कामामागचा खर्च कमी होतो. ते पडून राहिले, की त्यात अडकलेला पैसाही पडून राहतो.

बॅटरीच्या यंत्राबाबत तर हे दुखणे दुहेरी आहे. सुताराच्या पेटीतील गिरमिट कोरडे ठेवले, तर नातवाच्याही उपयोगी पडते. लिथियम-आयन बॅटरीचे तसे नाही. ती वापरली नाही तरी जुनी होते आणि पूर्ण भारून उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात ठेवली, तर अधिकच लवकर. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही आणि नव्या बॅटरीची किंमत ऐकली, की यंत्रच नवे घ्यावेसे वाटते. म्हणजे न वापरताही झिजणारे साधन आपण न वापरण्यासाठीच विकत घेत आहोत. तारेचे ड्रिल या दृष्टीने अधिक टिकाऊ. मात्र शिडीवर उभे राहून काम करताना तारेचा अडथळा नसणे आणि हलक्या हाताने स्क्रू पिळता येणे, हे बॅटरीच्या यंत्राचे गुण नाकारता येणार नाहीत. आक्षेप यंत्राला नाही, मालकीच्या पद्धतीला आहे.

आमच्या इमारतीत २४ बिऱ्हाडे आहेत. मागील महिन्यात सहज चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी नऊ घरांत अशी यंत्रे निघाली. त्यांतील एक घर वरच्या मजल्यावरचे. तेथील गृहस्थ एकदा माझ्याकडे ड्रिल मागावयास आले होते. मी दिले, परंतु देताना माझ्या चेहऱ्यावर जी आठी उमटली, ती त्यांनी पाहिली असावी. त्यातून बॅटरी उतरलेली. आठवड्याने त्यांनी स्वतःचे यंत्र आणले. त्या आठीची किंमत त्यांना काही हजार रुपये पडली आणि माझी काय गमावली गेली, ते रुपयांत सांगता येणार नाही.

याच इमारतीत जिन्याखाली संस्थेच्या मालकीची एक लोखंडी शिडी आहे. ती सर्वजण नेतात आणि आणून ठेवतात. तिच्यावरून आजवर भांडण झाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. पाण्याचा पंप तर सर्वांचाच आहे. मग शिडी सामायिक आणि शिडीवर चढून चालवायचे यंत्र मात्र घरोघरी वेगळे, हा न्याय कोणता?

येथे शंका निघेल, की सर्वांचे ते कोणाचेच नाही. बिट मोडले तर भरपाई कोणी करायची? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचा दाखला देऊन हीच भीती व्यक्त केली होती: प्रत्येकजण आपली गुरे वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच उरत नाही. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामायिक कुरणे, वने आणि कालवे यांचा अभ्यास करून दाखविले, की माणसे एकमेकांना ओळखत असतील, नियम त्यांनी स्वतः केले असतील आणि ते मोडणाऱ्याला थोडाथोडा वाढत जाणारा दंड असेल, तर सामायिक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना २००९ साली नोबेल पुरस्कार मिळाला. चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीला या अटी पुऱ्या करणे अवघड नाही.

आपल्याला तर हे परकेही नाही. एकाचा एक बैल, शेजाऱ्याचा दुसरा, अशी जोडी जमवून नांगरट करण्याची सावड आणि सर्वांनी मिळून एकाचे शेत उरकून देण्याची इर्जिक महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ठाऊक आहे. आज त्याच्यासाठी औजारे बँका आहेत; २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतून त्यांना साहाय्य मिळते. प्रत्येकाने ट्रॅक्टर घ्यावा, असे कोणी शहाणा म्हणत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही घरी नेण्यास दिली आहेत. शेतकऱ्याला जे कळले, ते शहरातल्या पदवीधराला कळू नये, हे नवल आहे.

यामुळे कारागिराच्या पोटावर पाय येईल काय? तसे वाटत नाही. एका छिद्राचे काम त्याने आधीच सोडून दिले आहे. कपाट, दरवाजा, वायरिंग यांसाठी त्याच्यावाचून चालणार नाही. उलट, ज्याने स्वतः एक छिद्र पाडताना बिट घसरू दिले, विटेत सहज शिरणारे टोक काँक्रीटच्या तुळईवर फुकट झिजविले, तो सुताराशी मजुरीची घासाघीस करताना दोनदा विचार करील. शिकलेल्या वर्गाचा हातकामाशी तुटलेला संबंध थोडा तरी जुळेल. सामायिक यंत्राबरोबर अनुभवही सामायिक होतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली छिद्र पाडू नये, कारण भिंतीतून तेथूनच तारा जातात, हे मला शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी वेळीच सांगितले म्हणून अनर्थ टळला. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकातील ती बारीक अक्षरे मी वाचलीच नव्हती.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाची असते. तिच्यात वाहनतळ आणि गळती यांवर तासन्‌तास वाद होतात. त्या सभेपुढे एक साधा ठराव मांडता येईल: संस्थेने एक चांगले ड्रिल घ्यावे, ते एका जबाबदार सभासदाकडे असावे, नेणाऱ्याने वहीत सही करावी आणि दोन दिवसांत परत करावे, मोडेल त्याने भरून द्यावे, दुपारी दोन ते चार कोणीही भिंतीला हात लावू नये. खर्च वाटून घेतला, तर घरटी दोनशे रुपयांच्या आसपास येईल. माझ्या हिशेबात ती एका छिद्राची किंमत आहे.

आमच्या सभेपुढे हा ठराव मी मांडणार आहे आणि नवे यंत्र घेण्याऐवजी माझेच यंत्र संस्थेला देऊ करणार आहे. बॅटरी मात्र आधी भारून ठेवावी लागेल.