पळणे सोडलेल्यांनाही विचारा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की शहापूरसारख्या गावांत पहाटेचे चित्र बदलते. भंडारा जिल्ह्यातील हे गाव नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले. मैदान जवळ नसले की मुले-मुली रस्त्याच्याच कडेने पळतात, शेजारून ट्रक जात असतात. मुलांचे लक्ष्य १६०० मीटर, मुलींचे ८००. निकाल लागतो. निवड झालेले प्रशिक्षणाला जातात, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण पळणेच थांबवतात. काही आठवड्यांतच कमावलेला दम उतरू लागतो. तिशी ओलांडल्यावर त्यातलेच काही रक्तदाब किंवा साखर वाढली म्हणून दवाखान्याच्या रांगेत भेटतात.

व्यायाम का सुरू होतो, यापेक्षा तो का सुटतो हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने मोठा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग इथे आठवतात. कोडे सोडवण्यासाठी ज्यांना पैसे दिले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्याकडे कमी वळले. बक्षिसाने कामाची गोडी वाढण्याऐवजी घटली होती. भरतीसाठी पळणाऱ्याला नोकरी हवी असते, यात गैर काहीच नाही. पण पळण्यात स्वतःचा आनंद, सोबत्यांचा गट आणि ‘आपल्याला जमते’ ही भावना रुजली नसेल, तर भरतीबरोबर पळणेही संपते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना आता फील्ड प्रोजेक्ट करावे लागतात. व्यायाम आणि मानसिक स्वास्थ्य हा त्यातला सोपा, म्हणून आवडता विषय. पण प्रश्नावली घेऊन विद्यार्थी जातात कुठे? जिममध्ये, मैदानावर, योगवर्गात. तिथे येणारा माणूस ‘व्यायामाने बरे वाटते’ असेच सांगणार. बरे वाटत नसते तर तो आलाच नसता. अशा पाहणीतून काढलेला निष्कर्ष कागदावर छान दिसतो, एवढेच.

प्रश्नही नीट हवा. रोवणीच्या हंगामात दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला ‘तुम्ही व्यायाम करता का’ असे विचारले, तर ती हसून नाही म्हणेल आणि तक्त्यात तिची नोंद ‘निष्क्रिय’ अशी होईल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली म्हणूनच कामातील श्रम, येण्या-जाण्यातील श्रम आणि फावल्या वेळेतील हालचाल वेगवेगळी विचारते. हीच पद्धत वापरून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, आणि केवळ मौज म्हणून खेळणारे वा व्यायाम करणारे १० टक्क्यांहूनही कमी. रोवणी करणाऱ्या बाईचे श्रम खरे, पण ते हंगामी आहेत आणि त्यात तिची मौज नाही. मौजेसाठी गावात तिला जागा कोणती? पुरुषांना निदान चौक तरी आहे.

सोडणाऱ्याला आळशी ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट विदर्भात तरी तपासायलाच हवी. इथे सिकलसेल आजार बराच आढळतो. या आजाराच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा सराव करू नये. केवळ वाहक असलेल्याला एरवी त्रास नसतो, पण उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून पळताना त्यालाही धोका संभवतो. सांधे दुखतात, लवकर थकायला होते म्हणून पळणे सोडलेल्या मुलाची ही तपासणी झालेली असतेच असे नाही. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

शहापूर–भंडारा परिसरातील एखाद्या गटाने यंदा एवढे केले तरी पुष्कळ: भरतीच्या सराव वर्गाच्या हजेरीपटावरून गेल्या वर्षी येणे बंद केलेल्यांची नावे घ्यावीत, त्यांच्या घरी जावे आणि एकच प्रश्न विचारावा, ‘शेवटचे कधी पळालात, आणि दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?’ मुलींना तो आईसमोर नव्हे, एकटीला विचारावा. नावे गुप्त ठेवावीत. आलेली उत्तरे महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीच्या बैठकीत वाचून दाखवावीत. मैदान, दिवे आणि पहाटेच्या सोबतीचा विषय तिथेच सुटू शकतो.