घरचा तीरकामठा आणि बाईचा नेम

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला सातपुड्यातल्या गावांतून मिरवणुका निघतात. तीरकामठा पुरुषांच्या खांद्यावर असतो, बायांच्या हातात फलक. कुठे कुठे त्याच दिवशी नेमबाजीची स्पर्धाही ठेवतात. घरचा बांबूचा कामठा, घरचेच तीर. त्यात बायांची नावे का नाहीत असे विचारले, तर संयोजक निरागसपणे सांगतात, "बायांसाठी संगीत खुर्ची ठेवली आहे ना!"

हा किरकोळ प्रश्न आहे असे कोणाला वाटेल. वनहक्काचे दावे, रेशन, ऊसतोडीसाठी गुजरातेत होणारे स्थलांतर एवढे सगळे समोर असताना नेमबाजी कुठे काढता? पण हत्यार कोणी हातात घ्यायचे आणि जमीन कोणाच्या नावावर व्हायची, हे प्रश्न सख्ख्या बहिणी आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचे नाव लागते. ते नाव कागदावर आले म्हणून गावाच्या मनात आले असे होत नाही. ते मनात येण्याच्या अनेक वाटा आहेत, त्यांतली एक मैदानावरून जाते.

आदिवासी समाजात बाई मोकळी असते, असे आपण शहरी कार्यकर्त्या सहज बोलून जातो. झारखंडच्या संथाळ समाजात बाईने नांगराला हात लावायचा नाही, घर शाकारायचे नाही आणि धनुष्यबाण चालवायचा नाही, असा निषेध चालत आला आहे. तिन्ही कामे मालकीची आहेत, हा योगायोग नव्हे. त्याच प्रदेशातल्या उरांव स्त्रिया मात्र बारा वर्षांतून एकदा 'जनी शिकार' करतात. पुरुषी पोशाख घालून, धनुष्यबाण, कुऱ्हाडी घेऊन निघतात. पुरुष बेसावध असताना स्त्रियांनी रोहतासगड लढवला, त्या आठवणीचा हा सण. म्हणजे बाईला नेम साधतो हे समाजाला ठाऊक आहे, सणाच्या रूपाने ते जपूनही ठेवले आहे. मग बाराव्या वर्षी जे हात चालतात, ते मधल्या अकरा वर्षांत बाटतात कसे?

दुसरा अडसर पैशाचा. ऑलिंपिकमध्ये चालणारे रिकर्व्ह धनुष्य, बाण आणि बाकीचे साहित्य धरून खर्च लाखांत जातो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. तिच्या शिक्षक वडिलांना त्यासाठी कर्ज काढावे लागले, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. पगारदार घराची ही कथा, तर सहा महिने पालावर राहणाऱ्या घराने काय करावे?

म्हणून घरच्या धनुष्याची किंमत ओळखली पाहिजे. रांचीजवळच्या रातू चट्टीची दीपिका कुमारी, रिक्षाचालकाची मुलगी, बांबूच्या धनुष्यावरच शिकू लागली. २००६ साली टाटा अकादमीत गेल्यावर तिच्या हाती नीट साहित्य आले, आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके घेतली. २०१२ साली ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. राजस्थानच्या लिंबारामची अशीच गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तरीही जंगलातला नेमबाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अजून मुलगाच येतो.

आपल्या देशात 'इंडियन राउंड' म्हणून प्रकार आहे. साधे बांबूचे किंवा लाकडी धनुष्य, नेम धरायला यंत्र नाही, अंतरे ५० आणि ३० मीटर. पण घरचा कामठा घेऊन आलेल्या मुलीला तिथेही अडचण येते. शिकारीच्या तीराला लोखंडाचे रुंद पाते असते, ते लक्ष्य फाडते आणि धोक्याचेही असते. त्याला नाही म्हणणे योग्यच आहे. पण पात्याच्या जागी साधे टोक बसवलेले चार तीर संयोजकांनी ठेवले, तर मुलीला परत पाठवावे लागत नाही. दुसरे म्हणजे, घरचा कामठा बापाच्या किंवा भावाच्या ताकदीने वाकवलेला असतो. तो ओढताना मुलीचा हात थरथरतो आणि बघणारे म्हणतात, बाईचे काम नाही. वास्तविक तिच्या हाताच्या मापाचा कामठा कोणी केलेलाच नसतो! बांबू तोच, बांबूच्याच सालीची दोरी, करणाराही गावातलाच. फक्त तिच्यासाठी करायचा आहे.

याने शिकारीला उत्तेजन मिळेल, अशी शंका काही मित्र काढतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गुन्हा आहे, आणि ओंडक्यावर नेम धरल्याने कोणाचा जीव जात नाही. उलट, शिकार थांबल्यावर हे कसब टिकायचे तर मैदानावरच टिकेल. ते फक्त अर्ध्या गावाकडे टिकावे काय, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी शंका जास्त खरी आहे. आदिवासी मुलींना बांबूच्या धनुष्यातच अडकवून ठेवायचे आणि पाहुण्यांपुढे शोभेला उभे करायचे, असे होईल काय? होऊ शकेल. इंडियन राउंड देशाबाहेर कुठे चालत नाही. त्यात चमकलेली मुलगी रिकर्व्हच्या खर्चापाशी थांबते आणि मग तिचे लग्न ठरते. म्हणून घरच्या धनुष्याची स्पर्धा हा उंबरठा आहे, घर नव्हे. तिथे नेम साधणाऱ्या मुलीला आश्रमशाळेत सराव, जिल्ह्याच्या निवडीला जायचे भाडे आणि पुढे सरकारी खर्चाने साहित्य मिळाले पाहिजे. आदिवासी विकास खात्याकडे ही मागणी आपण लावून धरायला हवी.

मैत्रिणींनो, काही गोष्टी तर आजच आपल्या हातात आहेत. स्पर्धेच्या समितीत गावच्या दोन बाया बसवा. बायांचा गट वेगळा ठेवा, आणि त्यात लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, पन्नाशीच्या, सगळ्यांना नाव देऊ द्या. संस्थेच्या पैशातून हलके कामठे करून घ्या आणि महिनाभर आधी वाटा, म्हणजे सराव होईल. स्पर्धा दुपारी उरका, अंधारात डोंगर चढायला लावू नका. पाणी आणि आडोसा यांची सोय करा, पाळीच्या दिवसांत मुली याच कारणाने येत नाहीत. बक्षीस पुरुषांइतकेच ठेवा आणि ते तिच्याच हातात द्या, नवऱ्याला मंचावर बोलावू नका.

यात फार पैसा लागत नाही. संगीत खुर्चीच्या खुर्च्या मांडायला जेवढे कष्ट पडतात, त्याहून थोडे जास्त पडतील. ते घ्यायची तयारी आपल्या संघटनांची आहे का, हे येत्या ९ ऑगस्टला दिसेल.