डोकेदुखीचे मूळ डिझेलच्या टाकीपाशी

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील एक तांडेल २०२३ सालच्या मे महिन्यात माझ्याकडे डोकेदुखीची तक्रार घेऊन आला. वय ४२, रक्तदाब ठीक, डोळेही नुकतेच तपासलेले. समुद्रात गेले की डोके जड होते, मळमळते, अंगात आळस भरतो. घरी परतून एक रात्र झोपले की सारे शांत. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या त्याने दुकानातून आणून दोन महिने खाल्ल्या होत्या. पोरवयापासून समुद्रावर असलेल्या माणसाला चाळिशीनंतर एकाएकी बोट कशी लागेल, हे गोळी देणाऱ्याने त्याला विचारले नाही. खरे सांगायचे तर पहिल्या भेटीत मीही विचारले नाही. मीही एक गोळीच लिहून दिली.

दुसऱ्या खेपेस तो आला तेव्हा त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास येत होता. होडीत असा वास रोज असतो का, असे विचारले तर तो हसला.

"डॉक्टर, होडी म्हटली की डिझेलचा वास येनारच. मासलीच्या पाटीला मासलीचा येतो तसा."

आजचा लेख या वाक्याशी भांडण्यासाठी आहे. मासळीचा वास मासळीचा स्वतःचा असतो. होडीत डिझेलचा वास सतत येतो तेव्हा मात्र डिझेल टाकी आणि नळ्या सोडून कोठेतरी बाहेर आलेले असते. ताप हा जसा रोग नव्हे, रोगाची खूण, तसाच हा वास.

मग माणूस इतके दिवस तो सहन कसा करतो? कारण आपले नाक लवकर थकते. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच तो जाणवेनासा होतो. वाफ मात्र तेवढीच छातीत जात राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि आमचा तांडेल झोपत होता तो इंजिनखोलीला लागून असलेल्या केबिनमध्ये, अगदी फळ्यांवर. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ, सुस्ती ही सारी त्या वाफेची कामे. भर समुद्रात जाळे ओढताना आलेली चक्कर किती महागात पडेल हे कोळी बांधवांना मी सांगायला नको.

मला आधी धुराची शंका आली होती. धुराड्याचा पाइप फुटून धूर आत येत असेल तर तो अधिक घातक. डिझेल इंजिनाच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणून विचारले, त्रास इंजिन चालू असताना की बंद असताना? उत्तर आले, रात्री नांगर टाकल्यावर, इंजिन बंद आणि केबिनचे दार लावलेले असताना. धुराची शंका तेथे बरीच मागे पडली. मग विचारले, फेरीच्या कोणत्या दिवशी? त्याने तारखा नव्हे, तिथ्या सांगितल्या. उधाण आणि भांग यांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांची दिनदर्शिका वेगळीच असते. आम्ही दोघांनी मिळून मेळ घातला तेव्हा दिसले की पहिले दोन दिवस वाईट, तिसऱ्या दिवसापासून उतार. पहिल्या दिवशी होडीत असे काय असते जे तिसऱ्या दिवशी नसते? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "टाकी फुल असते."

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात त्याने मेकॅनिकला बोलावले. इंजिन, फिल्टर, नळ्यांचे सांधे सारे कोरडे पुसून त्यांच्याखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली. दोन दिवस कागद कोरडेच. मेकॅनिक म्हणाला, गळती नाही. पण टाकी तेव्हा अर्ध्याहून रिकामी होती! रुग्णाला ताप रात्री येतो आणि डॉक्टर सकाळी काखेत थर्मामीटर लावून "ताप नाही" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मी आग्रह धरला की टाकी काठोकाठ भरून पाहा. भरली, आणि दुसऱ्या सकाळी टाकीच्या मागचा कागद ओला. डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी भरणीची रबरी नळी वळणावर तडकली होती आणि खाऱ्या हवेने क्लिप गंजली होती. टाकी तुडुंब असली की डिझेल त्या नळीत उभे राहायचे, होडी हिंदकळली की तडीतून पाझरायचे आणि तळाच्या पाण्यावर पसरायचे. पातळी उतरली की गळती आपोआप बंद.

डिझेलसाठीच बनवलेली नवी नळी घातली (पाण्याची साधी नळी चालत नाही, ती डिझेलने फुगते) आणि न गंजणाऱ्या दोन क्लिपा आवळल्या. हा सारा खर्च माझ्या दोन भेटींच्या फीपेक्षा फार नव्हता.

तरीही वास आठवडाभर राहिला. लाकूड डिझेल पिते. तळाचे तेलकट पाणी डब्यात काढावे लागले, लाकडाचा भुसा आणि चिंध्यांनी तळ टिपून साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावा लागला, फळ्या उचलून ऊन-वारा द्यावा लागला. ते पाणी खाडीत ओतू नका, असे मी बजावले. त्याच खाडीच्या तोंडावरची मासळी आपण खातो.

वासावर अगरबत्तीचा उतारा करणारे महाभाग मी पाहिले आहेत. इंधनाच्या वासात निखारा! काळोख्या तळात गळती शोधायला काडी ओढणारेही असतात. डिझेल थोडे तरी उशिरा पेटते, पण छोट्या होड्यांच्या पेट्रोलवरच्या इंजिनात ती चूक दुसऱ्यांदा करायला माणूस उरत नाही. बॅटरी वापरावी. आणि शोध घ्यायला होडीतला माणूस नको, किनाऱ्यावरून ताजा आलेला हवा. त्याचे नाक थकलेले नसते. ज्या वाचकांचा समुद्राशी संबंध नाही त्यांनीही रात्री घरात लावलेल्या स्कूटरचा वास आठवून पाहावा.

डिझेल तोंडाने ओढून नळी चालू करण्याची सवय तर सर्वांत वाईट. चुकून घोट गेला तर उलटी करवू नये. उलटीबरोबर ते पातळ तेल फुप्फुसात उतरते आणि तेथे सूज आणते. थेट रुग्णालय गाठावे.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला 'तुझा धंदा काय?' हे विचारायला वैद्यांना शिकवले. आम्ही डॉक्टर मंडळी केसपेपरवर 'व्यवसाय' हा रकाना भरतो, पण पुढे एक प्रश्नही विचारत नाही. हा दोष आमचा, आणि या केसमध्ये माझा. मात्र मच्छीमार सहकारी संस्थांनाही माझी एक सूचना आहे. अनेक संस्था सभासदांना डिझेल पुरवतात. त्यांनीच बंदीच्या दोन महिन्यांत प्रत्येक होडीच्या नळ्या आणि क्लिपा टाकी भरून तपासण्याचा रिवाज का पाडू नये? नळी सरसकट काही वर्षांनी बदलायची असते, तडकल्यावर नव्हे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या फेरीहून तांडेल आला. डोके दुखले नव्हते. हाताची कातडी मात्र अजून भेगाळलेली होती, कारण ग्रीस लागलेले हात तो अजूनही डिझेलनेच धूत होता. मी मलम दिले आणि इंजिनखोलीत साबणाची वडी ठेवायला सांगितली.