हा 'कुणीतरी' कोण?

परवाच्या लाँग वीकेंडला पुण्याची गँग घेऊन माझ्या गावी, यवतमाळला गेलो. निळोण्याच्या काठावर तंबू, मॅगी, स्पीकर... एकदम झक्कास! सकाळी निघताना एक मित्र म्हणाला, "राहू दे रे कचरा, उचलेल कुणीतरी."

हा कुणीतरी कोण, बॉस? निळोणा आणि चापडोह म्हणजे आमच्या शहराचा नळ. २०१८ च्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले, तेव्हा आई टँकरच्या रांगेत उभी होती. मी पुण्यात एसीत बसून फोनवर "काळजी घे" म्हणत होतो.

म्हणे, तिथे कचरापेटीच नाही! अरे, भरलेली बाटली गाडीतून आणता येते, मग रिकामी नेताना काय जड होते? लाइव्ह सर्व्हरवर कुणी नुसता टाइमपास केला तरी आपण त्याला फाडून खातो. आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्याशी मात्र काहीही केलेलं चालतं?

शेवटी दोन पोती भरली, डिकीत टाकली. मित्र पुण्यापर्यंत फुगून बसला होता. बसू दे. त्याच्या घरी नळाला रोज पाणी येतं.